कुंकू लावलेली रॅकेट

मी एक जुनी टेनिसची रॅकेट आहे, मित्रांनो. माझ्या मुठीवर कुंकवाचा डाग आहे. रॅकेटला कुंकू कोणी लावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पडायलाच हवा. मलाही जन्मभर प्रश्नच पडत आले.

लाकूड वाकवून माझी चौकट झाली आणि तीत मेंढीच्या आतड्याची तात ताणून विणली गेली. इंग्रजी अमलात अकोल्याच्या साहेबलोकांच्या क्लबात मी खेळले. तिथं खेळ शिकवणारे फय्याजभाई नोकरी सोडून अनसिंगला घरी परतले, तेव्हा मलाही घेऊन आले. या खेड्यात माझं काय काम, हे मला काही केल्या समजेना.

शेजारच्या उकंडरावांच्या मुलानं, जगदेवनं, मला पाहताच विचारलं, "चाचा, हे चाळनी कायची हाय?"

फय्याजभाई हसले आणि त्यांनी मला त्याच्या हाती दिलं. उकंडरावांचं मोठं खळं सुगी संपल्यावर रिकामंच असे. शेणानं सारवलेल्या त्या टणक जमिनीवर चुन्याच्या रेघा पडल्या आणि मधे मासे धरायचं जाळं बांधलं गेलं. जगदेव जीव खाऊन मारायचा आणि चेंडू कुंपणापलीकडच्या तुरीत शोधत बसायचा. "पहिले पाहाले शीक," फय्याजभाई म्हणायचे. "मारनं मंग."

पण ऐकतो कोण!

उकंडरावांना हे थेर पसंत नव्हते. ते म्हणाले, "दसऱ्यानंतर अकोल्याले शाळकरी पोरायचे सामने हायेत म्हनते. एक तरी सामना जिंकून दाखव. नाही तं खळ्यावर ज्वारी आली का हे खूळ बंद."

जगदेवची झोप उडाली. माझीही उडाली असती, पण रॅकेटला झोप नसते.

मग खंडेनवमी आली. या दिवशी घरातली अवजारं पुजतात. जगदेवच्या आईनं, कस्तुराबाईंनी, विळे आणि नांगराच्या फाळाबरोबर मलाही विहिरीवर नेलं, घासूनपुसून आंघोळ घातली, तेल लावलं आणि देवापुढं मांडलं. माझी तात कशाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर त्यांनी मला देवघराच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नसतं. हळदीकुंकू लावून घेताना मला फार बरं वाटलं, पण भिजलेली तात आतल्या आत फुगत होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटक्याला दोन पदर तुटले आणि बाकीचे ढिले पडले. कस्तुराबाई रडू लागल्या.

"काहून रडता, वयनी?" फय्याजभाई म्हणाले. "तुमी तं पूजा केली. हिले पानी सोसत नाही, हे मीच सांगतलं नाही."

त्यांचे वडील पिंजारी. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात काढून त्यांनी माझे तुटलेले पदर जोडले, पण माझा जोर गेला तो गेलाच. "आता हे जोरानं मारत नाही," ते जगदेवला म्हणाले. "आता तुले पाहाच लागते."

आणि पोरगा पाहू लागला! समोरचा कुठं उभा आहे, कोणता कोपरा रिकामा आहे. अकोल्यात त्याच्यासमोर एक दांडगा मुलगा आला. जगदेव हळूच चेंडू कधी जाळ्याजवळ टाकी, कधी मागच्या रेघेवर. तो दांडगा धावून धावून थकला. तरी शेवटी माझा एक पदर पुन्हा सुटला आणि आम्ही सामना हरलो. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

उकंडरावही सामना पाहायला आले होते. परतीच्या आगगाडीत त्यांनी विचारलं, "फय्याजभाई, तो पोट्टा इतका जोरात मारे. मंग घामाघूम तोच काहून झाला?"

"ते बोलून नाही समजत, उकंडराव. खळ्यावर या."

ज्वारी कापणीला आली, तेव्हा उकंडरावांनी शेताच्या दुसऱ्या टोकाला नवं खळं सारवून घेतलं. मग ते स्वतः आमच्या जुन्या खळ्यावर आले आणि त्यांनी मला विळ्यासारखं धरलं. जगदेव हसून हसून खाली बसला.

पुढल्या खंडेनवमीला कस्तुराबाईंनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि विचारलं, "फय्याजभाई, हिले काय सोसते?"

"कुंकू सोसते, वयनी. मुठीवर लावा."

तोच हा डाग. मित्रांनो, वस्तूची निगा राखा, तशी माणसांचीही राखा. पण माया करण्याआधी एकदा विचारा, याला काय सोसतं? मला एकदाच कोणी विचारलं, आणि ते कुंकू मी अजून पुसू दिलेलं नाही.