मशीनचा डाग

फोनचं ते कानात घालायचं पांढरं बोंड... एवढंसं, पण ते कानात गेलं की सूनबाई घरातून गेलीच म्हणायची. समोर चहावर साय धरलीय आणि ही लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत पुटपुटतेय. सासू काय, भिंत काय, हिला दोन्ही सारखीच. आपल्या वेळी असं कुणी बसलं असतं तर — पण आपल्या वेळी बसायला मिळायचं कुणाला, खडी फोडायच्या मशीनपाशी डोक्यावर पाटी घेऊन...

घसा खवखवला. सासूनं घाईनं नळ पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजात खोकून घेतलं.

"आई, पाणी वाया जातंय." सूनबाईनं बोंडं काढली होती.

"जाऊ दे. तुझ्या माहेरून नाही येत."

सूनबाई हसली. तिचं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या मशीनला छातीचे एक्स-रे फोटो वाचायला शिकवणं. दवाखाने पुष्कळ, पण फोटो कुणी बाहेर द्यायचे नाहीत. मशीनच दारोदार जाऊन शिकतं, शिकलेलं तेवढं हिच्याकडे येतं, आणि ही सगळ्यांचं मिळून एक शहाणपण करते. सासूला हे ऐकताक्षणीच पटलं होतं. घरातलं घरात ठेवावं. बाहेर सांगायचं ते फक्त, बरं आहे.

"एक दवाखाना नुसता छळतोय," सूनबाई म्हणाली. "तो खडीच्या खाणीजवळचा. त्याचं शिकलेलं मिसळलं की बाकी सगळं बिघडतं. एक्स-रेचं मशीन जुनाट, जो फोटो बघावा त्यावर डाग. आज काढूनच टाकते त्याला."

भांडं हातातच राहिलं. तोच दवाखाना. बहिणीकडे जाते असं घरी सांगून ती तिथे गेली होती... फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाला होता, मशीन जुनं आहे, आजी, डाग बहुतेक त्याचाच, तरी मोठ्या ठिकाणी दाखवून घ्या. बहुतेक. त्या एका शब्दावर ती इतके दिवस जेवत होती, झोपत होती, सुनेवर तोंड टाकत होती. आणि आता ही शिकलीसवरलेलीही तेच म्हणतेय. म्हणजे सुटलेच की मी — मग छातीवर हा दगड कसला?

त्या दवाखान्यातल्या बाकावरच्या बायका... केसांत तीच पांढरी धूळ. एकीचा खोकला थांबला की दुसरीचा सुरू, जणू एकच खोकला बाकावरून सरकत येत होता, आणि माझ्यापर्यंत आला तेव्हा मी रुमाल तोंडात कोंबला...

"मग त्या लोकांचे फोटो कोण वाचणार?"

"मशीनच वाचेल ना. बाकीच्या दवाखान्यांत शिकून."

"म्हणजे खडी न फोडलेल्या छात्यांवर शिकून."

"आई, सगळ्यांनाच सारखा डाग कसा असेल? मशीनचाच तो."

बोंड पुन्हा कानाकडे निघालं होतं. गप्प बसलं की झालं. डाग मशीनचा राहील, घरातलं घरात राहील, संध्याकाळी मुलाला फोनवर सांगता येईल, बरं आहे...

खवखव वर आली. हात सवयीनं नळाकडे गेला आणि तिथंच थांबला. ती कोरड्या शांततेत खोकली — वाकून, ओट्याला धरून, पुरतं संपेपर्यंत. सूनबाई खुर्चीतून उठली होती, बोंड बोटांतच.

"आई... हे कधीपासून?"

तिनं ओठ पुसले. कितीतरी दिवसांनी तिला कुणाची, कशाची घाई नव्हती.

"हुशार आहेस गं, पण बहिरी आहेस," ती म्हणाली. "मशीन जुनं असेलही. मशीनला खोकला येत नाही."