टोपीतलं जावळ

धाकलूनं वाटीतलं पाणी बोटांनी कुत्र्याच्या डोक्यावर शिंपडलं, केसांत मुरवलं आणि सवयीनं म्हणाला, "मान खाली घाल."

कुत्र्यानं मान खाली घातली.

धाकलूला फार बरं वाटलं. तीस वर्षं तो गावाची डोकी करत होता, पण एका शब्दात मान खाली घालणारं गिऱ्हाईक त्याला क्वचितच भेटलं होतं. माणसं वस्तऱ्याखाली बसून गावाची उणीदुणी काढतात, मधेच मान वळवतात आणि जरा खरचटलं की न्हाव्याच्या नावानं शंख करतात.

कर्जत स्टेशनाच्या पलीकडे रेल्वेचे बंगले होते. त्यांतल्या शेवटच्या बंगल्याच्या व्हरांड्यात हा प्रकार चालला होता. बंगला तांबड्या दाढीच्या साहेबाचा. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला आली की तिच्या मागं आणखी एक इंजिन लागायचं आणि ते तिला घाट चढवायचं. ते इंजिन हा साहेब चालवायचा. घरी बायको नाही, पोर नाही. विलायतेहून आणलेला एक कुत्रा तेवढा होता, जॅक नावाचा, अंगभर वीतभर केसांचा.

ते केस विलायतेत शोभत असतील. इथं चैत्र संपत आला होता, डोंगरांनी वारा अडवला होता आणि माणसांच्या अंगाला सदरे चिकटत होते. जॅक दिवसभर माठाला पाठ लावून धापा टाकत पडायचा. दोन दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा साहेबानं आपल्या स्वयंपाक्याला, लडकूला, न्हाव्याकडे पिटाळलं.

दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता. पण धाकलूला एक खोड होती. कुठलीही गोष्ट आतून कशी असेल, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. गावातल्या प्रत्येक डोक्यावरची खोक, टेंगूळ आणि भोवरा त्याला पाठ होता. एवढ्या केसांच्या आत कुत्रा असतो केवढा, आणि त्याला आपल्यासारखा घाम येतो का, हे त्याला पाहायचं होतं.

"बाल काटो," साहेब म्हणाला. "गरमी. मर जायेगा."

धाकलूनं मोठी कातर काढली. अगदी कातडीपर्यंत जायचं नाही, उन्हानं भाजेल, अर्धं बोट केस ठेवायचे, एवढं त्यानं स्वतःच ठरवलं. मानेपाशी पहिली बट धरली आणि तो थांबला.

"लडकू, ह्याचे केस आदी कवा कापलेत का, इचार."

लडकूनं विचारलं. साहेबानं मान हलवली. कधीच नाही.

"म्हंजी पहिलेच केस," धाकलू म्हणाला आणि इकडेतिकडे पाहू लागला. पहिले केस जमिनीवर पडू द्यायचे नसतात. पोराचं जावळ काढताना आत्या पदर पसरून बसते, एकूण एक बट पदरात धरते आणि मग ते केस नदीत सोडतात. धाकलूच्या बापानं त्याला कातर धरायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. इथं आत्या नव्हती. खुंटीला साहेबाची टोपी होती.

"सायबाला सांग, ती टोपी उलटी धर म्हनावं."

साहेबाला काय वाटलं कोण जाणे. इकडे कुत्रे असेच कातरतात, असंच वाटलं असावं. तो घाटाचा डायवर टोपी उलटी धरून गुडघ्यांवर बसला आणि पडेल ती बट झेलत राहिला. टोपी भरली की लडकू ती टोपलीत रिकामी करायचा. कुत्र्याच्या डोक्यावर धाकलूला दोन भोवरे सापडले.

"दोन लग्नं हायत ह्याच्या नशिबात," तो म्हणाला. लडकू हसून हसून भिंतीला टेकला.

केसांखालून निघाला तो एक बारका, गुलाबी कातडीचा, घामोळ्यासारखं पुरळ आलेला जीव. जॅकनं अंग झटकलं, उठून व्हरांडाभर चालला आणि थेट ताटलीशी जाऊन घपाघपा खाऊ लागला. साहेबानं तोंड फिरवून डोळे पुसले. धाकलूचं तिकडे लक्षच नव्हतं. तो फरशी न्याहाळत होता. जॅक चालला होता तिथं ओल्या पंज्यांचे ठसे उमटले होते.

टोपलीतले केस नदीत सोडून घरी आल्या आल्या त्यानं बायकोला सांगितलं, "ठमे, तुला म्हाईत हाय का? कुत्र्याला घाम तळपायाला येतो!"

"आनि तुमाला अक्कल कुटं येती?" ठमी म्हणाली. तिला विहिरीवर सगळं कळलं होतं. लडकूनं गावात पाऊल टाकल्यापासून तोंडाला कुलूप असं लावलंच नव्हतं. साहेब आत्या झाला, हे सांगताना तो स्वतः टोपी धरून बसून दाखवत होता.

गावानं दिवसभर हसून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विचार केला. मग मालोजी पाटलानं धाकलूला चावडीवर बोलावलं.

मालोजीचं जावळ धाकलूच्या बापानं काढलं होतं. मालोजीच्या पोराचं धाकलूनं. आता पाटलाच्या नातवाचं जावळ अक्षय्य तृतीयेला ठरलं होतं, आणि त्यासाठीची बापाची छोटी कातर धाकलूनं गेल्याच आठवड्यात धार लावून फडक्यात गुंडाळून ठेवली होती. तीन पिढ्यांची जावळं ह्या घरानं काढली, असं म्हणायला मिळणार होतं. धाकलूला दुसरं काही मिरवायला नव्हतं आणि नकोही होतं.

"धाकलू," मालोजी म्हणाला, "सायबाच्या कुत्र्याचं जावळ केलंस म्हन्तात. खरं?"

"जावळ नाय, पाटील. केस कातरले. गर्मीनं मराया टेकलं व्हतं."

"मग टोपीत का धरवले?"

"पहिलेच केस व्हते त्याचे."

चावडीवर हशा पिकला. मालोजी हसला नाही. त्याला धाकलू आवडायचा, आणि त्याला सोडवायची वाट त्यानं स्वतःच काढून दिली. "सायबानं हुकूम केला आसंल. रेल्वेचा सायेब, त्याच्या म्होरं तू काय बोलनार? तसं आसंल तर तसं सांग."

सगळे धाकलूकडे पाहू लागले. हो म्हणायचं तेवढं काम होतं.

"नाय," धाकलू म्हणाला. "सायेब निस्ता केस काप म्हनला. टोपी धर, आसं मीच म्हनलो."

मालोजी म्हणाला, "रोजच्या हजामतीला तुजा हात चालंल, आंगूळ करून येत जा. पन कुत्र्याला आनि माज्या नातवाला येकच रीत? जावळाला मी बाजारातला न्हावी आनतो."

धाकलू "बरं" म्हणाला आणि घरी आला. छोटी कातर फडक्यातून काढली, पाहिली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली.

"हो म्हनला आसता तर जीब झडली आसती का?" ठमी म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिनं भाकरी वाढली.

अक्षय्य तृतीयेला पाटलाच्या अंगणात मांडव पडला. धाकलू सकाळी तीनदा काही ना काही काम काढून त्या गल्लीनं गेला. चौथ्यांदा काम सुचेना, म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या आंब्याखाली नुसताच उभा राहिला. बाजारातला न्हावी चपळ होता. एवढा चपळ, की धाकलूला पाहवेना. पोरगं किंचाळत होतं, त्याच्या केसांना आधी पाणी लावून त्याला जरा बोलण्यात रमवायला हवं होतं. बायकांनी गाणं धरलं. पोरानं हिसका दिला, आत्याचा पदर सुटला आणि एक मऊ, काळी बट जमिनीवर पडली. कुणी पाहिली नाही. वाऱ्याची झुळूक आली तशी ती मांडवाखालून घरंगळत गल्लीत आली.

धाकलू पुढं झाला. हातात धरावी तर जावळ उघड्या हातानं न्यायचं नसतं. त्यानं डोक्यावरचं पागोटं उतरवलं, उलटं धरलं आणि ती बट अलगद उचलून त्यात ठेवली. वर पाहिलं तर मांडवाच्या खांबाशी मालोजी उभा होता, त्याच्याचकडे पाहत.

मालोजीनं वाटेतून बाजूला सरकून दोन पोरांना मागं ओढलं, आणि धाकलू भर गावातून उघड्या डोक्यानं, पागोटं दोन्ही हातांत धरून नदीवर गेला. असा बोडका तो बाप गेला तेव्हाच काय तो गावातून चालला होता.

नदीची धार बारीक झाली होती. बट सोडली तर दगडाला अडकली. धाकलू गुडघाभर पाण्यात उतरला, तिला बोटानं सोडवली आणि ती वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि इथं कोणी नाही म्हणून त्यानं ते भरू दिले.

कोणी नाही असं नव्हतं. खालच्या डोहात साहेबाचा जॅक गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता. धाकलूला पाहून तो बाहेर आला, अंग झटकलं, त्याच्यापुढं येऊन बसला आणि मान खाली घातली.

धाकलूनं त्याच्या दोन भोवऱ्यांवरून हात फिरवला.

"आज नाय रं," तो म्हणाला, आणि पागोटं बांधू लागला.