थर्झाचा डावा हात

"या कागदावर मी सही करणार नाही," लविना ओटली म्हणाली आणि पेनला टोपण लावून तिनं ते टेबलावर ठेवून दिलं.

समोर बसलेला वेंडेल ओटली तिचा चुलतभाऊ. गावात त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि जिल्ह्याच्या इतिहास समितीचा तो अध्यक्ष होता. मोंटानातल्या त्या खोऱ्यात गोऱ्या वसाहतवाल्यांनी बांधलेलं सगळ्यात जुनं उभं घर म्हणजे हे ओंडक्यांचं घर. ते जिल्ह्याला देऊन टाकायचं, असं लविनानं स्वतःच ठरवलं होतं. सत्तरी गाठली होती, गुडघा बर्फात साथ देत नव्हता. कागद तयार होते, पितळी पाटीसुद्धा ओतून आली होती.

"आता काय राहिलं, व्हिनी?"

"पाटी खोटी आहे."

वेंडेलनं चष्मा काढला. "'जोसाया ओटली यांनी १८६८ साली हे घर स्वतःच्या हातांनी बांधले.' यात खोटं काय? शाळेला आजोबांचं नाव आहे. दर जुलैत त्यांच्या नावानं मिरवणूक निघते!"

"निघू दे की. आजोबा चांगले होते. पण त्या हिवाळ्यात ते इथे नव्हतेच. घर आजीनं बांधलं."

वेंडेल हसला. "आजीनं? ती केवढी होती माहीत आहे ना तुला? माझ्या खांद्याला लागायची."

"म्हणून तर घर एवढंच आहे," लविना म्हणाली.

तिनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अडतीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. तीनशे पोरांचं जेवण रांधताना घराण्याचा इतिहास सांगायला कुणाला फुरसत असते? लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर घर तिच्याकडे आलं आणि तिनं ते सांभाळलं. मिरवणुकीत ती रस्त्याच्या कडेला उभी राहायची, टाळ्याही वाजवायची. पण टाळ्या वेगळ्या आणि पितळ वेगळं. पितळावर कोरलेलं पुसता येत नाही.

ती सात वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवला होता, उजव्यानं लिहायची सवय लागावी म्हणून. मनगटावरचा वळ आजीनं, थर्झानं, पाहिला. पोरीला घेऊन ती भिंतीपाशी गेली, तिचा तळवा ओंडक्यावर टेकवला आणि म्हणाली, "हे डाव्या हाताचं काम आहे. माझं. पंचेचाळीस वर्षं झाली. पडलं का?"

मग तिनं एकदाच सगळं सांगितलं. ऑक्टोबरात जोसाया घोड्यावरून पीठ आणायला दूरच्या व्यापारी ठाण्यावर गेला, तीन आठवड्यांत येतो म्हणून. खिंड बर्फानं बंद झाली. मागे राहिली तेवीस वर्षांची थर्झा, दीड वर्षाचं मूल, दोन बैल, एक गाय आणि गाडीवरचं कापड. गोठून मरायचं नव्हतं, म्हणून तिनं झाडं पाडली, तासली, बैलांना दोर बांधून तिरप्या वाशांवरून ओंडके वर चढवले. जोसाया एप्रिलमध्ये परतला तेव्हा चार भिंती आणि छप्पर उभं होतं, दाराच्या जागी घोंगडी होती. दार त्यानं केलं. येणारेजाणारे 'जोसायाचं घर' म्हणू लागले.

"मग तू सांगितलं का नाहीस?" सात वर्षांच्या लविनानं विचारलं होतं.

"त्या वसंतात पेरायचं होतं," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आजी शाळेत गेली. बाईंशी काय बोलली कोण जाणे, पण लविनाचा हात पुन्हा बांधला गेला नाही.

हे सगळं ऐकून वेंडेलनं चष्मा पुन्हा चढवला. म्हणाला, "मी तुला खोटं म्हणत नाही. पण म्हातारीनं लहान पोरीला सांगितलेली गोष्ट. पुरावा काय? गुरुवारी राज्याच्या कचेरीतला माणूस येतोय घर तपासायला."

"येऊ दे. त्यालाच बघू दे."

गुरुवारी हार्लन टीग आला. बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. जुनी लाकडं तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. दोन तास तो गुडघ्यांवर बसून विजेरीचा उजेड तिरपा पाडत भिंती बघत राहिला. उठला तेव्हा कपाळाला आठ्या होत्या.

"कुऱ्हाडीचे घाव उलट्या अंगाला कललेत," तो म्हणाला. "डावऱ्या माणसाचं काम वाटतं. पण नक्की सांगता येणार नाही. ओंडक्याच्या पलीकडून उभं राहून तासलं असेल, तरी असे दिसू शकतात."

"नाही दिसत," लविना म्हणाली. "चला बाहेर."

अंगणात पाइनचा ओंडका पडला होता. तिनं कोठीतून रुंद पात्याची कुऱ्हाड आणली.

"व्हिनी, तुझा गुडघा!" वेंडेल ओरडला.

"तासायला हात लागतात. बाजूला हो."

डावा हात पुढे, पाय फाकवून, आजीनं शिकवलं होतं तशी ती उभी राहिली आणि कुऱ्हाड चालू झाली. घाईगर्दी नाही, जोर दाखवणं नाही. ढलप्या एकसारख्या उडत होत्या. दोन हात लांबीची बाजू सपाट झाल्यावर ती पलीकडे गेली, कुऱ्हाड उजव्या हातात धरली आणि वेड्यावाकड्या का होईना, पण तेवढ्याच खुणा पाडल्या.

"आता बघा."

टीग वाकला. ओंडक्यावरून बोटं फिरवली, आत जाऊन भिंतीवरून फिरवली, पुन्हा बाहेर आला. असं त्यानं तीनदा केलं.

"पलीकडून मारलेले घाव तळाशी उथळ होत जातात. भिंतीवर तसे नाहीत," तो म्हणाला. "डावरा माणूस. माझी खात्री झाली. पण बाई, तुमचे आजोबाच डावरे असतील तर?"

लविनानं तोंड उघडलं, पण त्याआधी वेंडेलच बोलला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"नव्हते. त्यांची बंदूक माझ्या दुकानात काचेत आहे. दस्ता गालाला घासून झिजलाय, डाव्या अंगाला. म्हणजे उजव्या खांद्यावरून मारायचे. चाळीस वर्षं मीच ती पुसतोय." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "आजीला लिहिताना मी पाहिलंय. डाव्या हातानं लिहायची. हे दोन्ही एकत्र कधी आलं नाही डोक्यात."

"डोक्यात यायला कुणीतरी विचारायला लागतं," लविना म्हणाली. पण तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

नवी पाटी यायला पाच आठवडे लागले. मजकूर लविनानं सांगितला, वेंडेलनं एकही अक्षर बदललं नाही: 'थर्झा ओटली यांनी १८६८-६९च्या हिवाळ्यात हे घर एकट्यांनी बांधले. दार जोसाया ओटली यांचे.' कागदावर लविनानं त्याच दिवशी सही केली, डाव्या हातानं, सावकाश.

गावात थोडी कुरबुर झाली. दुकानात कुणी टोमणा मारला, तर वेंडेल काचेतली बंदूक काढून दाखवायचा आणि पुढे बोलायचं काम ठेवायचा नाही.

सप्टेंबरच्या शेवटी लविनानं सामान हलवलं. गावात चर्चमागे दोन खोल्या घेतल्या होत्या. सामान म्हणजे एक पलंग, चार पेट्या आणि भांडी. वेंडेलनं ते पिकअपमध्ये चढवलं. तिला चढायला त्यानं हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. दाराला धरून ती आपली आपण वर बसली.

"एकदा आत जाऊन येतेस?"

"झाडून घेतलंय. चल."

गाडी उताराला लागली. ती समोर बघत होती, पण बाजूच्या आरशात घर दिसत होतं. एकशे सात वर्षांत पहिल्यांदाच, थंडीच्या सकाळी, त्याच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता.