एका बंधूचा नाजूक विषय

"गुडघे गेले माझे," डोळे मिटलेलेच ठेवून मावशी पुटपुटली. "कशासाठी चाललंय ते तरी कळू दे."

शेजारी गुडघे टेकलेल्या शिवणवाल्या बाईंनी तिला कोपरानं ढोसलं. पाळकसाहेब नेहमीच्या वाक्यापाशी आले होते. "आणि प्रभू, आपल्यातल्या एका बंधूचा जो नाजूक विषय आहे, तो तू दूर कर."

"आमेन," आम्ही सगळे म्हणालो. ऑर्गन वाजवणारा मावशीचा भाचाही म्हणाला. बंधू तोच होता.

हे कोणी सांगितलं नव्हतं. पण पाळकसाहेब पूर्वी उपासना संपली की ऑर्गनपाशी थांबून त्याच्याशी चार गोष्टी बोलायचे. हल्ली बाजूच्या दारानं सटकायचे. तेवढं पुरे होतं. राहता राहिला विषय. नाजूक म्हटल्यावर शिवणवाल्या बाईंनी मूळव्याध धरली आणि मधे भोक असलेली गोल उशी शिवून आणली, वर बारीक फुलांचं कापड. कंपाउंडरकाका मुतखड्यावर ठाम. भाचा उशीवर बसून गीतं वाजवी, दोन गीतांच्या मधे काकांनी पुढे केलेलं पाणी पिई आणि दोघांचे आभार मानी. मावशीनं या आईवेगळ्या पोराला लहानाचं मोठं केलेलं. तिनं कुठलाच आजार धरला नाही. तो वेगळी खोली घेऊन राहिला तेव्हापासून ती त्याला डबा तेवढा पाठवत होती, तोही दुसऱ्याच्या हातून.

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर तो उठला आणि ऑर्गनच्या झाकणाची किल्ली त्यानं पाळकसाहेबांपुढे टेबलावर ठेवली.

"दुसऱ्या गावी नोकरी धरली आहे. या रविवारपासून येणार नाही."

"देवाची इच्छा," पाळकसाहेब म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली. जरा चपळाईनंच.

"तिकडे पाणी कसं आहे?" कंपाउंडरकाकांनी विचारलं.

"काका, मला खडा नाही."

"मग उशी..." शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

"उशी छान आहे. घेऊन जाऊ का?"

कोणी हसलं नाही. तो पाळकसाहेबांकडे वळला. "साहेब, दूर करा असं मी म्हणालो नव्हतो. सगळं सांगितलं आणि म्हणालो, मला चर्च सोडायचं नाही, पण एकट्यानं निभत नाही. अधूनमधून माझ्याकडे येत जा. एवढंच मागितलं होतं."

"मी रोज प्रार्थना केली रे तुझ्यासाठी."

"हो. माझा जिना तेवढा चढला नाहीत."

आम्ही लगबगीनं खुर्च्या आवरायला लागलो. ज्या आवरायच्या नव्हत्या त्याही. कंपाउंडरकाका कोणाकडेच न बघता म्हणाले, "हवापालट झाला की असले खडे आपोआप..."

"पुरे झालं!" मावशी टेबलाला धरून उठली. "खडा म्हणे. काका, तुम्हाला ठाऊक आहे. इथं सगळ्यांनाच ठाऊक आहे. काय हो बाई, उशी शिवताना तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

शिवणवाल्या बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "होतं," त्या म्हणाल्या. "पण नुसतं कसं बसायचं हो? काहीतरी करून द्यावंसं वाटलं. मला शिवताच येतं."

भाचा खाली बघत होता. मावशीनं पाळकसाहेबांपुढे हात पसरला, दुकानदाराकडे सुटे मागावेत तसा.

"याला पुरुष आवडतात," ती म्हणाली. "मिसरूड फुटल्यापासून. मला कळत होतं आणि मी डबे भरत बसले. किल्ली आणा इकडे, हा कुठं जात नाही. आणि रविवारी याच्याकडे जेवायला जायचं आहे. तुम्हाला भीती वाटत असेल, तर मी येते बरोबर."