मागच्या शिडीपाशी

"दादा, तिकडे काय अंथरताय?" सुपरवायझरने लांबूनच हटकलं. "मागच्या शिडीला गालिचा नसतो. इतकी वर्षं झाली, हे मी सांगायचं का तुम्हाला?"

विमानतळावर सगळे ज्याला दादा म्हणत, तो गालिचेवाला भर उन्हात गुडघे टेकून बसला होता. मोठा लाल गालिचा त्याने पुढच्या शिडीच्या जागी केव्हाच अंथरला होता. कडांना चिकटपट्टी लावून झाली होती, ब्रशने मखमलीची सगळी लव एका दिशेने बसवून झाली होती. देशाचे मोठे साहेब उतरतील तेव्हा त्या लवेवर पहिला ठसा त्यांच्याच बुटाचा उमटला पाहिजे, असा त्याचा हट्ट असे. आता हातात उरला होता तो त्याच मखमलीचा एक तुकडा, दारातल्या पायपुसण्याएवढा.

"माझी मुलगी या शिडीने उतरणार आहे," तो म्हणाला.

सुपरवायझर हसला. कोणाची मुलगी येते आहे, हे झाडूवाल्यापासून वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. दादानेच ते सांगितलं होतं, आणि एकदा सांगून त्याचं पोट भरलं नव्हतं. अंथरा, पण गर्दी पांगली की लगेच उचला, असं म्हणून सुपरवायझर निघून गेला.

मुलगी लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला 'का' लावायची, म्हणून घरात तिला वकीलबाई म्हणत. शिष्यवृत्ती मिळवून ती परदेशी शिकायला गेली, तरी वकिली सुटली नाही. दर आठवड्याला फोन यायचा आणि बापलेकीचं भांडण एकाच गोष्टीवरून जुंपायचं. ती म्हणायची, साहेब हुकूमशहा आहेत. जो बोलतो तो आत जातो, हे तुम्हाला दिसत कसं नाही? हा म्हणायचा, तू पुस्तकातून बघतेस, मी दहा हातांवरून बघतो. एकदा साहेब चालता चालता थांबले होते, गालिच्याकडे पाहून "छान" म्हणाले होते. त्या एका शब्दावर दादाने बारा वर्षं काढली होती. आई या भांडणात फारशी पडत नसे. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, एवढं बोलून ती स्वयंपाकघरात जायची.

आईचा स्वतःचा हट्ट वेगळाच होता. दादाने फार पूर्वी गालिच्याचा एक टाकाऊ तुकडा घरी आणून दारात घातला होता. पोर शाळेतून यायची, एक पाय पुसल्यासारखा करायची आणि आत धूम ठोकायची. "दोन्ही!" असा आतून आवाज आला की निमूट मागे फिरायची. कॉलेजात गेली तरी हे चालूच होतं.

मग चार दिवसांपूर्वी ती टीव्हीवर दिसली. साहेबांच्या परदेश दौऱ्यातली मोठी सभा होती, आणि प्रश्न विचारायला उठलेली मुलगी आपलीच आहे हे कळल्यावर दादाच्या हातातला कप तसाच राहिला. ती म्हणाली, "आमच्या कॉलेजातले सर दोन वर्षं तुरुंगात आहेत. त्यांच्यावर खटला का चालत नाही?"

सभागृह चिडीचूप झालं. साहेबांनी मात्र चष्मा काढला आणि ते मनापासून हसले.

"मी हुकूमशहा आहे, असं इथली वर्तमानपत्रं लिहितात," ते म्हणाले. "आता तुम्हीच बघा. माझ्याच देशातली पोर मला भर सभेत जाब विचारते आहे. चल बाळ, माझ्याबरोबर विमानातून घरी चल. आईवडिलांना भेट, तुझ्या सरांनाही भेटू."

टाळ्या थांबेनात. दादा उठून उभा राहिला आणि त्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू साहेबांना त्यानेच घडवलं होतं. आता बोल, तो म्हणाला. बायको पडद्यावर दिसणाऱ्या लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि लेक हसत नव्हती.

तासाभराने फोन आला. आवाज अगदी हळू होता.

"बाबा, दोन माणसं दारात उभी आहेत. बॅग भर म्हणतायत. मी नाही म्हटलं तर चालेल का?"

"अगं वेडी आहेस का? एवढा मान कोणाच्या वाट्याला येतो? तुझ्या बापाने जन्मभर गालिचा अंथरला, तू त्या विमानातून येणार. सोन्यासारखी संधी आहे, ये."

ती म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणताय म्हणून येते."

त्यानंतरचे दिवस दादा जमिनीवर नव्हताच. शेजाऱ्यांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तोही आनंदाने चढला. विमान उतरायच्या दिवशी गल्लीतली निम्मी माणसं त्याच्या दारात जमणार होती.

विमान आलं, ठरल्या जागी उभं राहिलं. साहेब पुढच्या शिडीने उतरले, हात हलवला, आणि आखून दिल्यासारखे गालिच्याच्या मधोमध चालत गेले. कॅमेरे त्यांच्यामागे धावले. गाड्यांचा ताफा सुटला. एरवी दादा त्या गाड्या दिसेनाशा होईपर्यंत उभा राहायचा. आज त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

मागच्या शिडीने अधिकारी उतरले, पत्रकार उतरले, आचारी उतरले. मग कोणीच उतरेना. दादाने त्या सगळ्यांचे ठसे ब्रशने मोडून तुकड्याची लव पुन्हा सारखी केली आणि तो बाजूला सरकला. एक बंद, बिनखिडक्यांची गाडी उलटी येत येत शिडीला भिडली. सामानाची असेल, असं दादाला वाटलं.

आणि मग ती दारात आली. दोन्ही बाजूंना दोन माणसं होती आणि दोघांनी तिचे दंड धरले होते. विमान लागलं असेल पोरीला, दादाने मनाशी म्हटलं, लहानपणी बससुद्धा लागायची. बिचारे सांभाळून उतरवतायत. ती दोन पायऱ्या खाली आली तेव्हा तिच्या हातातल्या बेड्या त्याला दिसल्या.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: तिकडे सभेत हाच माणूस हसला होता. चष्मा काढून, मनापासून हसला होता.

शेवटच्या पायरीवर ती अडली. तिने खाली पाहिलं. मग मान वर करून तिने आजूबाजूला शोधलं, आणि तो तिला दिसला. तिने हाक मारली नाही. ओळखीचं हसलीही नाही. बापाला ओळख दाखवली तर बापाचं काय होईल, हे त्या पोरीला कळत होतं, आणि तिला कळतं आहे हे दादालाही कळलं. तिने लाल तुकड्यावर उजवा पाय ठेवून सावकाश पुसला. मग डावा पुसला. एका माणसाने तिला पुढे ढकललं, गाडीचं दार लागलं आणि गाडी निघून गेली.

"दादा, तिकडे बघू नका," सुपरवायझर त्याच्या खांद्याशी येऊन पुटपुटला. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता. "आपण काही पाहिलेलं नाही. ऐकताय ना?"

"मीच तिला ये म्हणालो," दादा म्हणाला.

मोठा गालिचा इतरांनीच गुंडाळला. दादाने फक्त तो तुकडा उचलला. गुंडाळला असता तर लवेवरचे ठसे मोडले असते, म्हणून झोपलेलं मूल न्यावं तसा दोन्ही हातांवर आडवा धरून तो घरी निघाला. बसमध्ये कोणीतरी उठून त्याला जागा दिली.

दारात माणसं जमली होती. त्याला एकट्याला येताना पाहून कोणाला घरचं काम आठवलं, कोणाला औषधाची वेळ. तो पायरीशी पोचेपर्यंत गल्ली रिकामी झाली होती. आत टीव्हीवर साहेबांचं स्वागत चालू होतं.

बायको उंबऱ्यात उभी होती. "अहो, ती कुठंय?"

त्याने खाली वाकून जुनं पायपुसणं बाजूला सारलं आणि त्या जागी हातातला तुकडा अलगद ठेवला. मखमलीवर बुटांचे दोन ठसे होते, पुढे-मागे घासल्याचे. बायको बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. ती रडली नाही. हळूहळू खाली बसली.

"नेलं का तिला?"

त्याने मान हलवली.

"आणि जाताना पाय पुसले तिने?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही," तो म्हणाला.

तिने पदर तोंडाशी धरला. दिवेलागणीला तिने घरातले दिवे लावले, टीव्ही बंद केला, आणि दार मात्र उघडंच ठेवलं.