मागे वळून पाहणारी

हेमंतातले कोवळे ऊन कृष्णेच्या पात्रावर उतरले होते. पाण्यावर सोनेरी, वाळूवर पांढरे, घाटाच्या काळ्या दगडांवर निळसर. ऊन एकच, पण जिथे टेकेल तिथला रंग घेणारे. त्या उन्हावर भिस्त ठेवून, तीन पायांवर उभ्या असलेल्या एका पेटीभोवती, वाईच्या घाटावर माणसे ताटकळत होती.

चलच्चित्रांचा तो अगदी अरुणोदय. चित्रांना अजून वाचा फुटली नव्हती. सूर्य हाच त्यांचा दिवा. ढग आला की राजे, ऋषी, अप्सरा साऱ्यांनी मुकाट दगडावर बसून राहायचे. आणि चित्रात उभी राहायला एकही बाई तयार नव्हती. म्हणून दमयंतीचे लुगडे नेसून, नाकात नथ अडकवून उभा होता श्रीरंग कासार.

श्रीरंग पेठेत बांगड्या भरायचा. सडपातळ, लांब बोटांचा, मृदू डोळ्यांचा. भाऊराव देवकुळ्यांनी परदेशातून चित्रे टिपणारी ती पेटी आणली आणि दमयंती शोधत फिरताना त्याला हेरले. त्याने मिशी उतरवली, ती कुणाच्या आग्रहाने नव्हे. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली त्याची पद्मा तापाच्या साथीत तिथेच गेली होती. सांगावा येईपर्यंत चिता विझलेली होती. तेव्हापासून स्वतः असणे त्याला नकोसे झाले होते. दुसरे कुणीतरी व्हायला मिळाले, हेच त्याला पुष्कळ होते.

नलाने वनात सोडून दिलेली दमयंती. तिने झाडांमध्ये शिरायचे, थबकायचे, मागे वळून पाहायचे, आणि दिसेनासे व्हायचे. एवढेच. पण ते एवढेसे सकाळपासून साधत नव्हते.

"बाईसारखा वळू नकोस रे," भाऊराव पेटीमागून म्हणाले. "तुझं माणूस मागं राहिलंय. तसा वळ."

श्रीरंग चालू लागला. वाळलेली पाने पायांखाली कुरकुरली. डावीकडे नदी झळाळली, आणि त्या झळाळीत त्याला होडी दिसली. पैलतीरी, माहेरी निघालेली पद्मा. होडी मध्यावर गेली तेव्हा तिने पदर दातांत धरला होता, डावा खांदा किंचित झुकवला होता, आणि वळून पाहिले होते. मग पदर सुटला, ओठ विलग झाले. काहीतरी सांगायचे राहिले होते. वारा उलटा होता. त्याला ऐकू आले नव्हते.

श्रीरंगाचा खांदा झुकला. त्याने झुकवला नाही, झुकला. पदर दातांत गेला. मान वळली. ओठ विलग झाले.

भाऊरावांनी पेटीचा दांडा थांबवला, पेटीआडून डोके बाहेर काढले. मग हलकेच म्हणाले, "हे कुठून आणलंस?"

श्रीरंगाने पदर खांद्यावर सारखा केला. आपल्या अंगातून कुणीतरी चालत गेले, आणि जाताना दार उघडेच ठेवून गेले, असे त्याला वाटत होते.

ते दार मग मिटलेच नाही. रंग पुसताना आरशात जी मान कलायची, ती त्याची नव्हती. बांगडी चढवताना बोटे ज्या नाजूकपणे थांबायची, ते थांबणे त्याचे नव्हते. "पद्मे?" एकदा त्याने रिकाम्या घरात विचारले, आणि आपलाच आवाज ओळखीचा न वाटून तो अंगणात येऊन उभा राहिला.

पौषाच्या जत्रेत तंबू लागला. दिवस मावळून पश्चिमेला केशरी राख उरली होती. भाऊरावांची मंडळी मोजकीच. दमयंती झालेला श्रीरंगच आता चित्रे दाखवणाऱ्या यंत्राचा दांडा फिरवत होता. त्याच्या कानाशी दिव्याची फुरफुर, समोर माणसांचा अंधार, त्यापलीकडे पांढरेशुभ्र कापड.

अन् पुढच्याच रांगेत त्याची सासू, म्हणजे त्याची मामीही, भागीरथी. लेकीनंतर ती कुठे गेली-आली नव्हती. शेजारणींनी आज ओढून आणले होते.

कापडावर वन उगवले. रुपेरी झाडे, रुपेरी नदी. दमयंती चालत गेली. थबकली. खांदा झुकला. वळली.

"पद्मे!"

तो हंबरडा नव्हता. दारातून आत येणाऱ्या लेकीला आई मारते, तशी ती साधी हाक होती. भागीरथी उठली आणि पडद्याकडे चालू लागली.

"मामी, तो मी आहे!" श्रीरंग ओरडला. "मी आहे तो!"

"तुला काय मी ओळखत न्हाई व्हय?" ती मागे न बघता म्हणाली. "तू न्हाईस. श्रीरंगा, थांबव रे तिला! जाऊ देऊ नगंस!"

त्याचा हात मंदावला. चित्र मंदावले. मान वळता वळता थांबू लागली. विलग झालेले ओठ विलगच राहिले. ती थांबली. खरेच थांबली. दोघांकडे पाहत राहिली.

"हात थांबवू नकोस!" भाऊराव धावत आले. "चित्र थांबलं की दिव्यानं पेटतं ते! जळेल ती!"

पडद्याच्या कडेला एक तपकिरी डाग उमलला. उमलत, पसरत, पदरापर्यंत आला. चित्रांच्या फितीचा जळका, उग्र वास तंबूत भरला. श्रीरंगाला फक्त तो चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्याकडे सरकणारी ती करपट कड. पहिल्या वेळी, तिच्या चितेपाशी, तो नव्हता. या वेळी होता. तिला धरून ठेवायचे तर जाळायचे; वाचवायचे तर जाऊ द्यायचे.

"जा," तो म्हणाला. इतक्या हळू की दिव्याच्या फुरफुरीत ते त्यालाच ऐकू आले नाही.

आणि त्याने दांडा फिरवला.

डाग सर्रकन निसटला. पापणी लवली, मान वळली, आणि ती झाडांमध्ये चालू लागली. रुपेरी, मग करडी, मग पानांच्या सावल्यांएवढीच. भागीरथीने हात पुढे केला. तिच्या सुरकुतल्या तळव्यावर, मनगटावर, पांढऱ्या केसांवर वन उमटले. पानोपानी थरथरणारे, निःशब्द, रिकामे वन. आणि श्रीरंगाचा हात फिरत राहिला, फिरत राहिला, वनामागून वन सरत गेले, आणि सरता सरता कापडावर उरला नुसता उजेड.