तिसरं पोतं

सुमनबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जाईस्तोवर त्या स्वतः धड जेवत नाहीत आणि दुसऱ्यालाही धड जेवू देत नाहीत, असं त्यांची सून पुनम म्हणते. त्यात खोटं काही नाही. दोन वर्षांपूर्वी पुनमच्या लेकीला, सृष्टीला, दमा निघाला तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, "घरात धूर कशाचा असतो?" धूर घरातला नव्हता, गल्लीतला होता. आखाडा बाळापुरात बाजारामागच्या त्या गल्लीत अठरा घरं, आणि अठराही घरी सकाळी आंघोळीच्या पाण्याची चूल पेटायची ती तुराट्यांखाली तेलाची नाहीतर दुधाची रिकामी पिशवी घालून. एका काडीत जाळ धरतो आणि पिशवीचीही ब्याद जाते, म्हणून बायांना ही मोठी हुशारी वाटायची. तो काळा धूर खाऊन पाच वर्षांचं लेकरू दुपारपर्यंत धापा टाकायचं.

तेव्हापासून सुमनबाई पिशव्यांच्या हात धुऊन मागे लागल्या. पंचायतीची घंटागाडी आधी पातळ प्लास्टिक घेतच नव्हती. मग घेऊ लागली, रोज. मग म्हणे फक्त गुरुवारी. मग म्हणे धुऊन, वाळवून, वेगळ्या पोत्यात. कागदावर नियम बदलायला कुणाचं काय जातं? पण दर वेळी सुमनबाई दारोदार जाऊन नवा नियम समजावायच्या. तेलाची पिशवी धुवायची कशी, हेही त्यांनीच शिकवलं. तेलकट भांड्यासारखी घासा, त्या बजावायच्या.

आणि आता नवाच फतवा आला होता. ज्या गल्लीचं पोतं तीनदा परत येईल, तिचं प्लास्टिक कायमचं बंद. या गल्लीची दोन पोती परत आलीही होती. चिठ्ठीवर लाल शाईत नुसतं 'माल खराब'. कशानं खराब, ते गाडीवाल्या रामजीलाही ठाऊक नव्हतं. तिसरं पोतं परत आलं की पिशव्या पुन्हा चुलीत जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सुमनबाईंनी मात्र मनातल्या मनात चोर कधीच पकडला होता. समोरची आशाबाई. ती बोलण्यात पुढं आणि कामात मागं, असं त्यांचं जुनं मत. गुरुवारी सकाळी गाडीची वाट बघत बाया पोत्याभोवती जमल्या, तेव्हा त्यांचा तोंडावरचा ताबा सुटला.

"आशाबाई, तूच न धुतलेल्या पिशव्या खाली दडपून राहिली. तुझ्यापायी माझं लेकरू जाईल एखाद्या दिवशी!"

आशाबाईचं तोंड एवढंसं झालं, मग लालबुंद. "मावशी, तुमी शिकवलं तशी एकेक पिशवी घासते मी. बोटांची सालं निघाली. आन् मलाच चोर ठरवता? उद्यापासून माझ्या पिशव्या माझ्या चुलीत. पाहतेच कोण अडवतं!"

ती तरातरा घरात गेली आणि दार लावून घेतलं. तिच्यामागं आणखी तिघीचौघी पांगल्या.

तेवढ्यात गाडी आली. रामजीनं पोतं मागं टाकलं, तोवर सुमनबाई पदर खोचून पुढच्या सीटवर बसल्याही होत्या.

"मावशी, तुमी काहून बसल्या?"

"पोतं कोण नापास करतं ते पाहायचंय मला. चल."

"गाडीत माणसं बसवायची परवानगी न्हाई."

"मग मला कचरा समज, पण चल."

गावाबाहेरच्या शेडमध्ये ऐश्वर्या नावाची पोरगी हातमोजे घालून माल निवडत होती. तिनं पोतं पालथं केलं, एक पिशवी उचलून झटकली. करडी भुकटी उडाली. दुसरी झटकली, तरी तेच.

"तुमच्या गल्लीचा माल दर वेळी असाच असतो, आजी. राखेनं घासता व्हय?"

"मग तेल कशानं निघंल? भांडी राखेनंच घासतो आमी. माझी आईबी तसंच करायची."

"भांड्याची राख पाण्याबराबर जाते. पिशवी चिकट, तिच्या कोपऱ्यात, घडीत राख बसून राहते. मग वितळवताना सगळाच माल बिघडतो."

सुमनबाईंनी स्वतः एक पिशवी उचलून कोपरा उलटा केला. बोटाला राख लागली. राख त्यांनीच सांगितली होती. अठरा घरांत जाऊन, चिमूटभर राख बोटावर घेऊन, घासून दाखवली होती. दोन्ही पोती त्यांच्या शिकवणीनं परत आली होती, आणि सकाळी ज्या बाईला त्यांनी चोर ठरवलं, तिनं ती शिकवण सगळ्यांत इमानानं पाळली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण नुसतं लाजून पोतं पास होणार नव्हतं. त्यांनी विचारलं, "चिठ्ठी लिहिली का?"

"अजून न्हाई. पाच वाजता लिहिते."

"मग थांब पाचपर्यंत. मी इथंच धुते."

ऐश्वर्यानं हौद दाखवला, साबणाचं पाणी करून दिलं, पिशवी उभी चिरून पूर्ण उघडायची ते शिकवलं. सुमनबाई भिडल्या. दुपारपर्यंत कुंपणाच्या तारेवर पन्नासेक पिशव्या वाळत होत्या आणि पोतं जवळपास तसंच होतं. एकटीनं हे व्हायचं नाही, हे त्यांना कळून चुकलं. बायांना घरातून उठवून आणील अशी गल्लीत एकच बाई होती. त्यांनी ओला हात लुगड्याला पुसला आणि फोन लावला.

"आशाबाई, पिशव्या जाळल्या का गं?"

"अजून न्हाई. उद्या सकाळी जाळणार हाय."

"जाळू नको. माल राखेनं खराब झाला. राख मी सांगितली, तुझी काही चूक न्हाई. इथं गावाबाहेरच्या शेडवर ढीग पडलाय, अन् माझ्यानं एकटीनं व्हत न्हाई."

पलीकडून फोन बंद झाला. सुमनबाईंनी डोळे पुसले आणि पुढची पिशवी उचलली.

अर्ध्या तासानं शेडपाशी ऑटो थांबला. सहा बाया उतरल्या, सगळ्यांच्या पुढं आशाबाई. तिनं सुमनबाईंच्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही. "सरका," एवढंच म्हणाली आणि हौदात हात घातले.

पाचला ऐश्वर्यानं मूठभर पिशव्या उजेडाकडं धरून पाहिल्या, बोट फिरवून पाहिलं आणि पोतं आत घेतलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिनं खिशातून काढलाच नाही.

परतताना सगळ्या जणी घंटागाडीतच कोंबल्या. परवानगीचा विषय रामजीनं काढला नाही. गल्लीच्या तोंडाशी आशाबाई पहिल्यांदा नीट बोलली.

"मावशी, बोललात चारचौघींत. आता फोनवर मागं घेऊन भागत न्हाई."

सुमनबाईंनी रामजीचा गल्लोगल्ली सूचना द्यायचा माईक हातात घेतला. टपावरचा कर्णा खरखरला.

"ऐका, मी सुमनबाई. दोन्ही पोती माझ्यामुळं परत आली. राख मीच सांगितली व्हती. आशाबाईला मी खोटा बोल लावला, तिचा काहीएक दोष न्हाई. आजपासून राख बंद, साबणाचं पाणी. आन् एकबी पिशवी चुलीत घालू नका गं. माझ्या सृष्टीला श्वास घेता येत न्हाई."

दारं उघडली. बाया ओट्यावर आल्या. कुणी हसलं नाही.

आशाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि रामजीच्या खांद्यावर थाप मारली. "गाडी वरच्या गल्लीला घे. धूर तिकडूनबी येतो."

गाडी वळली. सुमनबाईंनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.